देवाचं भय कुणाला आहे?

‘ख्रिस्ती धर्म माणसाला देवाची भीती घालतो’ असं काही जण ठोकून देतात. त्यांनी बायबलातल्या ‘निर्गम’चा पहिला अध्याय वाचावा. गुलाम इब्री बायकांना मुलगा झाला की मारून टाका, असा मिसरच्या राजानं सुइणींना हुकूम सोडला. सुइणींनी तो पाळला नाही. का? त्या देवाला भीत होत्या, म्हणून राजाला भ्यायल्या नाहीत! देवाचं भय म्हणजे थरथर कापणं नव्हे. कुणी बघत नसतानाही पापाला हात न धजणं, आणि सत्तेला तोंडावर ‘नाही’ म्हणणं, हे ते भय.

आता आपल्या बीडकडं बघा. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं मुली फक्त ८०७. राज्यात सगळ्यात कमी! पुढच्याच वर्षी परळीचं प्रकरण देशभर गाजलं. गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा १९९४ पासून होता. देव्हारेही घरोघरी होते. पण भीती होती ती फक्त धाडीची.

देव कोणताही माना, एवढं सांगा: त्या सुइणींवर राजाचा हुकूम होता, तरी त्यांनी लेकरं जगवली. आपल्याला हुकूम कुणाचा होता?