दौंडला उतरलेला प्रवासी

मराठीच्या प्राध्यापकाने आकडेशास्त्रात डोके घालू नये. पण आमच्या शिरूरच्या मामांना जिभेचा कर्करोग निघाला. मानेत गाठ लागत नव्हती, तरी तिथल्या ग्रंथीही आताच काढाव्यात, असे डॉक्टर म्हणाले. "चांगली मान कापायची कशाला?" मामींचा सवाल.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने नेमके हेच तपासले होते. निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाला. 500 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाची मानेची शस्त्रक्रिया लगेच, दुसऱ्याची गाठ उद्भवल्यावर. तीन वर्षे जगण्याचे प्रमाण पहिल्यात शेकडा 80, दुसऱ्यात 67.5.

पण वाचकहो, सगळ्यांची तीन वर्षे पुरी कुठे झालेली असतात? कोणी उशिरा दाखल होतो, कोणाचा पत्ताच लागत नाही. त्यांना कशात धरायचे? पुण्याहून सोलापूरकडे निघालेला प्रवासी दौंडला उतरला, तर पुढचे ठाऊक नाही. पण दौंडपर्यंत तो सुखरूप होता, हे नक्की. तेवढे जमेस धरायचे, पुढच्या मोजणीतून त्याला वगळायचे. कॅप्लान आणि मायर यांनी 1958 साली मांडलेली रीत ती हीच. मग दर मृत्यूच्या वेळी दोन्ही गटांत किती जण उरले होते, हे पाहून लॉग-रँक कसोटी विचारते: एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडला असता का?

इथे उत्तर 'नाही'कडे झुकले.

मामींना म्हटले, "हमी कोणाचीच नाही. पण शंभरांत बारा-तेरा माणसे जास्त जगली."

"म्हणजे बारा-तेरा घरं," मामी म्हणाल्या, आणि त्यांनी सहीसाठी कागद ओढला.