सही आपली, टोकन कुणाच्या खणात?

कापडाच्या धंद्यात आम्ही सहीला फार जपतो. कोऱ्या चेकवर सही करून तो दुसऱ्याच्या हाती देणारा व्यापारी भिवंडीत काय आणि मालेगावात काय, सहसा आढळणार नाही. मात्र तीच मंडळी आपल्या डिजिटल सहीचे टोकन पिनसकट हिशेबनिसाच्या खणात बिनधास्त ठेवून येतात. सरकारी ई-टेंडर किंवा कंपनीची कागदपत्रे भरायची वेळ आली की तो परस्पर सही करून मोकळा होतो.

आमच्या मते ही सवय कोऱ्या चेकपेक्षाही घातक आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 नुसार, मृत्युपत्रासारखे काही दस्त सोडले तर, विहित पद्धतीने केलेली इलेक्ट्रॉनिक सही हातच्या सहीइतकीच ग्राह्य आहे. याच कायद्याचे कलम 42 सांगते की सहीची गुप्त किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची वाजवी काळजी ज्याची सही त्यानेच घ्यायची. ती दुसऱ्याच्या हाती पडल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचे. कळवीपर्यंतची जबाबदारी त्याचीच.

सही नसलेल्या ई-मेललाही हिशेब आहे. कलम 11 प्रमाणे आपण स्वतः पाठवलेला, आपण अधिकार दिलेल्या माणसाने पाठवलेला किंवा आपण लावून दिलेल्या यंत्रणेने आपोआप पाठवलेला संदेश आपलाच धरला जातो. ऑर्डर देण्याचे काम गुमास्त्यावर सोपवले असेल, तर त्याने मोबाईलवरून मागवलेल्या शंभर तागांचे पैसे मालकालाच मोजावे लागतील.

काही बांधव म्हणतील, आमचा हिशेबनीस वीस वर्षांपासूनचा भरवशाचा माणूस आहे. असेलही. पण चूक त्याच्या हातून झाली तरी नोटीस मालकाच्या नावाने येते.

तेव्हा व्यापारी बांधवांना आमची विनंती आहे. टोकन आपल्या तिजोरीत ठेवा, पिन कुणाला सांगू नका आणि सही आपल्यासमोर होऊ द्या. टोकन हरवले तर त्याच दिवशी लेखी कळवून पोहोच घ्या. दुकानातर्फे ऑर्डर कोण देऊ शकतो, हे व्यापाऱ्यांना आधीच लिहून कळवा. मोठ्या सौद्यात 'पोहोच मिळाल्यावरच हा संदेश बंधनकारक' असे लिहिण्याची मुभा कलम 12 देते, तिचाही फायदा घ्या.

बाजारात पत कमवायला उमर जाते. ती दुसऱ्याच्या खणात ठेवू नये.