मागची रांग अंधारात
मोहर्लीच्या प्रवेशद्वारापाशी, जंगलातून परतल्यावर, तिन्हीसांजेला शाळांच्या सहलींची समूहचित्रे निघतात. ताडोबात वन्यप्राण्यांवर फ्लॅश टाकण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच होय; माणसांवर मात्र तो बेधडक उडविला जातो. अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा प्रकाश चतुर्थांशावर येतो. ५ फुटांवर खुर्च्यांत बसलेले गुरुजन पांढरेफटक उमटतात. १० फुटांवरचे उंच विद्यार्थी, शिपाई आणि गावचा वाटाड्या काळोखात बुडतात. वर्षानुवर्षे शाळेच्या भिंतीवर राहणाऱ्या चित्रातून त्यांना वगळण्याचा अधिकार कोणी दिला? कॅमेऱ्याभोवती, सारख्या अंतरावर, सर्वांना अर्धवर्तुळात उभे करावे. त्याहून बरे म्हणजे निघण्यापूर्वी दिवसाउजेडीच चित्र घ्यावे. मुख्याध्यापकांचा चहा थोडा लांबला तरी चालेल.