जनावरांच्या सहवासाची विद्या कोणाच्या घरीं नांदावी?

मनुष्य व जनावर यांच्या सहवासाचा अभ्यास करून प्राध्यापक होतां येतें, हें ऐकून आमच्या पुष्कळ वाचकांस हंसूं येईल. विद्वानही हंसले होते. न्यूयॉर्कचे बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनीं १९६१ सालीं व्यवसायबंधूंच्या सभेंत असा अनुभव मांडला कीं, माणसांशीं अबोला धरणारें मूल त्यांच्या ‘जिंगल्स’ नांवाच्या कुत्र्याशीं रमतें व मग त्याच्या आधारानें वैद्याशींही बोलूं लागतें. सभेंतील कित्येकांनीं थट्टा केली. त्यांनीं मात्र १९६९ सालीं या उपचारावर ग्रंथ लिहिला. आज या विद्येस वाहिलेलीं नियतकालिकें निघतात.

गोठ्याशीं याचा संबंध काय? इंग्लंडांतील न्यूकॅसल विद्यापीठाच्या दोघां अभ्यासकांनीं ५१६ दूधउत्पादकांस प्रश्न विचारून २००९ सालीं प्रसिद्ध केलें कीं, जेथें गाईस नांवानें हांक मारितात तेथें दर वेतास २५८ लिटर दूध अधिक निघतें. आमचा जन्म महसुली तक्ते भरण्यांत गेला. तेथें गुरांचा आंकडा असतो, नांवाचा रकाना नसतो! तरी आंकडा कसा वाचावा हें तेथेंच कळतें. हें दूध नुसत्या नांवाचें नव्हे. जो गाईस नांवानें ओळखतो तो तिच्या खुराकडे व कासेकडेही पाहतो. भ्यालेली गाय पान्हा चोरते, हें तर दूध काढणारें पोरही सांगेल.

आमचें मत असें कीं, ही विद्या पशुवैद्यकाच्या घरीं नांदावी. मानसोपचारकाचें लक्ष रोग्याकडे. दिवसभर परक्या हातांखालीं बसून कुत्रें थकलें, तें कोणीं पाहावें? अमेरिकेंत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यक विद्यालयाचे प्रमुख लिओ बुस्टाड यांनीं हा विषय आपलासा केला, तो याचसाठीं आम्हांस योग्य वाटतो.

मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचें. नागपूरचें पशुविद्यापीठ २००० सालीं स्थापन झालें. तेथें या विषयाचा कायम व पुरेशा पगाराचा अध्यापक असावा. पगार अळमटळम असेल तर हुशार शेतकरीपुत्र या वाटेस जाणार नाहीं, व गेला तरी शहरांतील धनिकांच्या कुत्र्यांपाशींच थांबेल. त्यास आधीं गांवीं पाठवावें. ट्रॅक्टर येऊन दावण रिकामी झाली, पोळ्याच्या आदल्या दिवशीं हळद-तूप लावून मळावयास बैलाचा खांदा उरला नाहीं, अशा घरांतील ज्या म्हाताऱ्याचा दिवस वैरणपाण्यानें उगवत असे, त्याची झोंप, भूक व बोलणें कसें आहे याची नोंद त्यानें वर्षभर ठेवावी.