अरुंधती : दोन की नऊ?



‘आई कुठे काय करते!’ ही मालिका स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. अरुंधती देशमुख मात्र आमच्या बोलण्यातून काही जात नाही. आम्ही दोघी नणंद-भावजय. एक अमरावतीत वलगाव रोडला, दुसरी अकोल्यात बैदपुऱ्यात. मधे बडनेरा, मूर्तिजापूर आणि मोबाइल. मगरिबची नमाज झाली, पोळ्या उरकल्या की फोनवर वाद सुरू : अरुंधती दोन नंबरची की नऊ नंबरची?

दोन नंबर म्हटले की आपल्याकडे भलताच अर्थ निघतो, म्हणून आधी खुलासा. एनिआग्राम नावाची एक पद्धत आहे. ‘एनिआ’ म्हणजे ग्रीक भाषेत नऊ. एका वर्तुळावर नऊ बिंदू आणि प्रत्येक बिंदू म्हणजे माणसाच्या स्वभावाची एक तऱ्हा. एक म्हणजे सगळे नीटनेटके आणि बरोबरच हवे असणारा, दोन म्हणजे दुसऱ्यासाठी राबणारा, तीन म्हणजे यशामागे धावणारा, आणि असेच नऊपर्यंत. नऊ नंबरवाल्याला घरात फक्त शांतता हवी असते. हा नंबर जन्मतारखेवरून काढत नाहीत. त्यामुळे ही फाल नव्हे, ज्योतिषही नव्हे.

‘ही तर सूफींची विद्या’ असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. ते वाचून लगेच खूश होऊ नका. ती आकृती विसाव्या शतकात गुर्जिएफ नावाच्या गुरूने पश्चिमेत आणली, पण त्याने तिच्यावर स्वभाव बसवले नव्हते. ते काम ऑस्कर इचाझो यांनी केले आणि चिलीचे मनोविकारतज्ज्ञ क्लॉडिओ नारान्हो यांनी १९७० नंतर ते पुढे नेले. जुन्या सूफी ग्रंथांत नऊ स्वभावांचे हे वर्तुळ असल्याचा पुरावा कोणी पुढे ठेवलेला नाही. मानसशास्त्राचे संशोधकही या पद्धतीला फारसा भाव देत नाहीत. मग आम्ही कशाला नादी लागलो? तिच्यातली एकच गोष्ट आम्हाला पटली. माणूस काय करतो यावरून ती नंबर देत नाही, तो का करतो यावरून देते. सहीह बुखारीची पहिलीच हदीस नियतीवर आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही.

आता अरुंधती. ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : ‘समृद्धी’ नावाचे घर, नवरा अनिरुद्ध, सासू कांचन, सासरे अप्पा आणि अभिषेक, यश, ईशा ही तीन मुले. पंचवीस वर्षे ती सगळ्यांचे करते. इंग्रजी येत नाही म्हणून घरातच तिची टर उडवली जाते. मग कळते, नवऱ्याचे ऑफिसातल्या संजनाशी प्रकरण आहे. घटस्फोट होतो, अरुंधती घराबाहेर पडते, मागे पडलेले गाणे पुन्हा धरते आणि पुढे तिच्या आयुष्यात आशुतोष येतो. मूळ कथा ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेची. हिंदीतली ‘अनुपमा’ तिचीच बहीण, म्हणूनच मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती आणि रूपाली गांगुलीची अनुपमा यांत मोठी कोण यावर आमच्या मोहल्ल्यात वेगळेच भांडण चालते. ते असो.

अकोल्याचे म्हणणे नऊ. पंचवीस वर्षे जी बाई ‘चालेल’ म्हणते, अपमान गिळते, जिला स्वतःला काय आवडते हेच आठवत नाही, ती नऊ नाही तर कोण? या पद्धतीत नऊ नंबरचा रोग सुस्ती सांगितला आहे. ती अंगाची सुस्ती नव्हे. नऊ नंबरवाली दिवसभर राबेल, फक्त स्वतःच्या बाबतीत झोपलेली राहील. अरुंधतीचे गाणे असेच तर झोपले होते.

अमरावतीने उलट विचारले, घटस्फोटानंतर काय झाले ते सांगा. नऊ नंबरवालीला कटकट संपली की हायसे वाटते. ती दार लावून चहा पीत बसली असती. अरुंधती मात्र समृद्धीत काही बिनसले की हजर. ईशाचे काही असो, यशचे असो, कांचनआईंची तब्येत असो. ज्या घराने तिला पायपुसणे केले त्या घराला आपल्यावाचून चालणार नाही ही गोष्ट तिला सोडवत नव्हती. प्रेक्षक चिडायचे, आम्हीही चिडायचो, पण लिहिणाऱ्यांनी स्वभाव बरोबर पकडला होता. आणि ती खवळायची तेव्हा मी तुमच्यासाठी काय काय केले याचा हिशेबच मांडायची. एनिआग्राममध्ये सांगतात की दोन नंबरवाली ताणाखाली आठ नंबरसारखी, म्हणजे दरडावणारी होते. आणि खुलली की चार नंबरकडे जाते, म्हणजे स्वतःच्या आतला कलावंत तिला सापडतो. तिचे गाणे आठवा. अकोला यावर दोन दिवस गप्प होते, ही आमच्या दृष्टीने हारच.

दोन नंबरचा रोग कोणता सांगितला आहे, ते ऐकून मात्र दोघींनाही झटका बसला. अहंकार! जी सगळ्यांच्या ताटात वाढून उरलेसुरले खाते, तिला अहंकार? पण जरा थांबून पाहिले तर पटते. ‘मला कोणाची गरज नाही, सगळ्यांना माझी आहे’ हा तो अहंकार. इमाम गझाली (रह.) यांनी ‘इह्या’त माणसाला बरबाद करणाऱ्या गोष्टींमध्ये किब्र आणि उज्ब यांची चर्चा एकत्र केली आहे. किब्र म्हणजे दुसऱ्यापेक्षा मी मोठा. उज्बला तर दुसरा माणूसही लागत नाही, आपल्याच नेकीवर आपणच खूश. आणि सूरह बकरामध्ये एहसान बोलून दाखवल्याने सदका वाया जातो असे बजावले आहे, ते केवळ पैशाच्या सदक्यापुरते मानायचे का? घरच्यांवर खर्च केलेली वर्षे आपण किती वेळा बोलून दाखवतो?

इथवर फोनवर ठीक चालले होते. मग अकोल्याने जे विचारले त्याला अमरावतीकडे झटकन उत्तर नव्हते. ‘आपा, ज्या बाईच्या हातात शंभर रुपये नाहीत, माहेरी परत जायची सोय नाही, तिने ‘चालेल’ म्हटले तर तो तिचा स्वभाव कसा?’

हा मुद्दा आम्हाला सगळ्या नंबरांहून मोठा वाटतो. आमच्या ओळखीत एक भाभी आहेत. रमजानमध्ये सहेरीला सगळ्यात आधी उठतात, सगळ्यांना वाढतात आणि स्वतःचा दुसरा घास तोंडात जाईतो अजान होते. शुगर वाढलेली आहे हे त्यांनी दोन वर्षे कोणाला कळू दिले नाही, कारण तपासणीला इर्विनला जायचे तर सोबत कोणीतरी कामावर खाडा करायचा. घरचे कौतुकाने म्हणतात, आमची अम्मी म्हणजे फरिश्ता. फरिश्त्यांना भूक लागत नाही, औषध लागत नाही, पगारही लागत नाही, म्हणून हा किताब घराला फार सोयीचा आहे. अशा बाईला ‘तू दोन नंबर आहेस, तुझ्यात अहंकार आहे’ म्हणून सांगणे आम्हाला पाप वाटते. आधी तिच्यासोबत इर्विनला जा.

अरुंधतीच्या बाबतीतही हेच. ती देशमुखांकडे ‘चालेल’ म्हणत होती तेव्हा तिच्याकडे स्वतःची कमाई नव्हती. गाण्याचे पैसे हातात आल्यावर तिचा आवाज बदलला. स्वभाव तोच होता, खाली जमीन आली होती. आपल्याकडे शरीअतने मेहर बाईच्या हक्काची ठेवली, तिची कमाई तिचीच मानली. कागदावरची मेहर निकाहनंतर किती घरांत खरोखर हातात पडते, हे वाचकांनी आपापल्या घरी विचारावे. बंधूंसाठी एक आठवण : रसूलुल्लाह (स.) घरात काय करत, या प्रश्नाला हजरत आयेशा (रजि.) यांनी दिलेल्या उत्तरात कपडे शिवणे आणि जोडे दुरुस्त करणे आहे. ‘अम्मी कुठे काय करते’ असे विचारणाऱ्या घरातले पुरुष काय करतात, यावर कोणी मालिका काढलेली आमच्या पाहण्यात नाही.

बाकी पात्रांचे नंबर झटपट देऊन टाकतो. संजना तीन, यावर दुमत नाही. अनिरुद्धही तीनच, फक्त दिखाव्याचा. म्हणून तर दोघांचे जमले आणि म्हणूनच पुढे फाटले. कांचनआई एक आणि दोनच्या मधे कुठेतरी, मुलावर आल्या की सगळे नियम गुंडाळून ठेवणाऱ्या. अप्पांवर एकमत झाले नाही.

आशुतोषबद्दल मात्र थोडे अधिक. अनेकींना तो मिळमिळीत वाटला, आमच्यापैकी अकोल्यालाही. पण दोन नंबरच्या बाईची खरी परीक्षा अनिरुद्धसमोर नव्हतीच. वाईट वागणाऱ्यापुढे सोसणे तिला पाठ असते. जो काही न मागता तिच्यासाठी करतो, त्याच्यापुढे तिला अवघडल्यासारखे होते, हात कुठे ठेवावे कळत नाही. आशुतोषने तिची काळजी घेतली की अरुंधती कानकोंडी व्हायची. आम्हाला तेच सगळ्यात खरे वाटले.

अमरावतीच्या घरी सून आली तेव्हाचे सांगतो. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, ‘अम्मी, आज पोळ्या मी करते, तुम्ही बसा.’ अम्मी खुर्चीत बसल्या. पहिली पोळी फुगेपर्यंत दोनदा उठल्या, एकदा तव्याची आच बघायला आणि एकदा उगाच. तिसऱ्यांदा सुनेने हात धरून बसवले आणि गरम पोळी त्यांच्याच ताटात वाढली. त्यांनी ती अर्धी मोडून आधी नातवाला दिली.