दिवाळी अंकाचे संपादकीय : निवडीचे समर्थन की फराळाची यादी?

मराठी वाङ्मयीन नियतकालिकांना खऱ्या अर्थाने एकच हंगाम आहे, आणि तो दिवाळीचा. का. र. मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला. तेव्हापासून शतकाहून अधिक काळ मराठीतील कथेचे, कवितेचे आणि वैचारिक लेखनाचे वेळापत्रक बऱ्याच अंशी या अंकाने ठरवले आहे. कथेची लांबी, परिसंवादाचा विषय, नव्या कवीला मिळणारे पहिले पान यांवर त्याचा ठसा आहे. तरीही आपली समीक्षा या अंकांविषयी बोलते तेव्हा ती आतील मजकुरापुरतीच बोलते. पहिल्या दोन पानांवरील संपादकीयाकडे ती वळतच नाही. प्रस्तुत लेखाचा आक्षेप असा, की समीक्षेचा एक प्रकार म्हणून हे संपादकीय क्षीण झाले आहे, आणि ही क्षीणता निरुपद्रवी नाही.

त्याचा साचा सर्वपरिचित आहे. प्रारंभी पणत्या आणि प्रकाशपर्व. मग वाचकांपुढे मांडलेला 'अक्षरफराळ'. मग अनुक्रमणिकेचेच गद्य रूपांतर : अमुक कथा 'अंतर्मुख करणारी', तमुक कविता 'वेगळ्या वाटेवरची'. शेवटी चित्रकार, मुद्रक आणि जाहिरातदार यांचे आभार. या साऱ्यात एक शब्द सहसा येत नाही : निवड. आलेल्या साहित्यातून हेच का घेतले, कोणत्या वाङ्मयीन भूमिकेतून घेतले, काय मुद्दाम मागवले आणि काय परत केले, याविषयी संपादक मौन पाळतो.

फराळाची उपमा या मौनाला सोयीची आहे. फराळाला नावे ठेवणे हा आपल्याकडे असभ्यपणा मानला जातो, आणि 'हेच पदार्थ का केलेत?' असा प्रश्न यजमानाला कोणी विचारत नाही. संपादक स्वतःला यजमान आणि वाचकाला पाहुणा ठरवतो, त्याच क्षणी त्या दोघांतील चिकित्सेचे नाते संपते. झेरार जनेत यांनी ग्रंथाभोवतीच्या शीर्षक, प्रस्तावना, मलपृष्ठ आदी मजकुराचे विवेचन १९८७ मध्ये केले, तेव्हा आपल्या पुस्तकाला त्यांनी 'उंबरठे' या अर्थाचे नाव दिले. संहितेत शिरणारा वाचक कोणत्या अपेक्षा घेऊन शिरेल, हे उंबरठ्यावर ठरते. आपल्या उंबरठ्यावर मात्र वाचकाच्या हाती चकलीची बशी दिली जाते आणि पुढचे प्रश्न बाहेरच राहतात.

प्रकाशाच्या प्रतिमेचेही असेच आहे. प्रतिमा जुनी झाली, ही तक्रार गौण आहे. तिच्यामागचा व्यवहार कोणी तपासत नाही, ही खरी अडचण आहे. ती तपासण्यासाठी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याइतके योग्य ठिकाण दुसरे सापडणार नाही. पहिला दिवाळी अंक निघाल्यावर अवघ्या बारा वर्षांनी, १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला तेथे टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि वि. म. भुस्कुटे यांची नावे त्याच्याशी कायमची जोडली गेली. सत्याग्रह अखेर मोडला आणि धरण झाले. मुळा-नीलेचे खोरे पाण्याखाली गेले, ते पाणी सह्याद्रीखाली भिरा येथे उतरवून वीज निर्माण होऊ लागली, आणि ती मुंबईकडे गेली. मराठी शहराच्या उजेडाला असा एक पत्ता आहे. त्या मुंबईतून निघणाऱ्या अंकाने प्रकाशाची प्रतिमा वापरू नये, असे कोणी म्हणणार नाही. ती वापरताना उजेड कोणाच्या शेतावरून आला हा प्रश्न एकदाही मनात येऊ नये, हे मात्र केवळ शैलीचे दारिद्र्य नव्हे. तो दृष्टीचा दोष आहे.

'हंगाम' या शब्दाबाबतही हेच म्हणता येईल. मुळशी-मावळच्या खाचरांत दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी-झोडणी चाललेली असते. तेथे हंगाम म्हणजे राबण्याचे दिवस. अंकाचा हंगाम बोनस, खरेदी आणि जाहिरात यांच्या दिनदर्शिकेवर उभा आहे. परिणामी मुळशीच्या विस्थापितावरील कथा आणि त्याच जलाशयाकाठच्या बंगल्यांची जाहिरात एकाच अंकात समोरासमोर येऊ शकतात. अशा शेजाराचा अर्थ लावणे हे संपादकीयाचे काम आहे. त्याऐवजी संपादकीय दोघांचेही आभार मानते.

संपादकीय दुसरे काही करूच शकत नाही, असे मानण्यास आपला इतिहासच आधार देत नाही. 'मराठवाडा'च्या १९६९ च्या दिवाळी अंकाने दलित साहित्यावर चर्चा घडवली. सणाचा अंक वाङ्मयीन वादाचे व्यासपीठ होऊ शकतो, हे त्याने सिद्ध केले. 'साधना'ने १५ ऑगस्ट १९७२ रोजी स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त विशेषांक काढला आणि त्यात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' छापला. ज्या निमित्ताने अंक निघाला, त्या निमित्ताचीच उलटतपासणी अंकाने केली. साठोत्तरी काळात 'असो', 'येरू', 'वाचा', 'फक्त' या अनियतकालिकांनी तर हंगामच नाकारला. त्यांचे संपादन अनेकदा एकांगी होते, प्रसंगी उद्दामही होते. परंतु ते कशाच्या विरोधात उभे आहेत, हे वाचकाला कळत असे.

यावर तीन उत्तरे अपेक्षित आहेत. पहिले, जाहिरातींवाचून अंक निघत नाही. मान्य, पण जाहिरात घेणे आणि तिच्याविषयी मुके राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरे, सणाच्या अंकात वाद कशाला? वाचक वर्षातून एकदाच इतके साहित्य एकत्र विकत घेतो. मग वाद घालण्यास याहून योग्य वेळ कोणती? तिसरे उत्तर अधिक गंभीर आहे : साहित्यकृती स्वतः बोलते, संपादकाने मध्ये येऊ नये. परंतु दोन कृती शेजारी ठेवणे हेच संपादकाचे बोलणे असते. तो मध्ये आलेलाच असतो. प्रश्न एवढाच, की त्या येण्याची जबाबदारी तो घेतो की नाही.

ती घेण्यासाठी फार काही लागत नाही. आपण काय मागवले आणि काय आपणहून आले, हे संपादकाने सांगावे. निवडीमागचे वाङ्मयीन तत्त्व एका परिच्छेदात मांडावे. गेल्या वर्षीच्या आपल्याच अंकाविषयी आज काय वाटते, ते नोंदवावे. मराठी विभागांनीही दिवाळी अंकांच्या अभ्यासात केवळ लेखकसूची आणि विषयवार वर्गीकरण यांवर समाधान मानू नये. संपादकीय ही स्वतंत्र संहिता मानून तिचे वाचन करावे. उद्या या काळाच्या वाङ्मयीन अभिरुचीचा इतिहास लिहिला जाईल, तेव्हा कोणत्या कथा छापल्या गेल्या हे अनुक्रमणिकेवरून कळेल. त्या का छापल्या, हे फक्त संपादक सांगू शकतो, आणि त्यासाठी पहिली दोन पाने आजही त्याच्याच हातात आहेत.