संकटात मुका होणारा टेलिफोन

गोंदिया जिल्ह्यात टेलिफोन ही चैनीची वस्तू नव्हे. सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव या अरण्यमय तालुक्यांतील अडलेली बाळंतीण, सर्पदंश झालेला शेतकरी किंवा पुराने वेढलेले गाव यांची हाक त्याच्यावाटेच जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या महापुराने भंडारा-गोंदियात उडवलेला हाहाकार ज्यांनी पाहिला, त्यांना याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणूनच रुग्णालये, कचेऱ्या व नियंत्रण कक्ष जुने तारेचे टेलिफोन काढून इंटरनेटवरचे टेलिफोन बसवू लागतात, तेव्हा एक प्रश्न विचारणे आमचे कर्तव्य ठरते : हा टेलिफोन ऐन संकटात बोलेल काय?

नव्या यंत्रणेशी आमचे वैर नाही. ती सोयीची आहे, काटकसरीची आहे. परंतु तिचा स्वभाव ओळखला पाहिजे. जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांतून तारेवाटेच वीज मिळे. गावची वीज गेली तरी तो बोलत असे. नव्याला स्वतःची वीज लागते, राउटर लागतो आणि मुख्य म्हणजे कॉल सर्व्हर लागतो. कोणता क्रमांक कोठे आहे, हे या सर्व्हरलाच ठाऊक असते. तो कोसळला की शंभर टेलिफोन धडधाकट असूनही शंभरही मुके! यावर उपाय म्हणजे दुसरा, राखीव कॉल सर्व्हर.

मात्र दुसरा म्हणजे खरोखरच दुसरा! एकाच कपाटात शेजारी ठेवलेले दोन सर्व्हर एकाच पाण्याने भिजतात. एकाच रस्त्याकडेने नेलेल्या दोन केबली एकाच जेसीबीने तुटतात. राखीव सर्व्हर दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या गावी हवा. त्याची वीज वेगळी, जोडणीची वाट वेगळी. क्रमांकांची नोंद दोन्हींकडे सतत सारखी राहिली पाहिजे आणि प्रत्येक टेलिफोनला दोन्हींचे पत्ते दिलेले असले पाहिजेत. महाराष्ट्राच्या ११२ या आणीबाणीच्या सेवेचे मुख्य केंद्र नवी मुंबईत आणि दुय्यम केंद्र नागपुरात आहे. राज्याला जे शहाणपण सुचले, ते जिल्ह्याच्या कचेऱ्यांना का सुचू नये?

पण राखीव यंत्रणा विकत घेतली म्हणजे कर्तव्य संपले, असेही कोणी समजू नये. २५ जून २०२३ रोजी ब्रिटनमधील ९९९ ही आणीबाणीची सेवा कोलमडली. ती चालवणाऱ्या बीटी कंपनीपाशी राखीव यंत्रणा होती! परंतु तिच्याकडे वळण्याच्या सूचना नीट लिहिलेल्या नव्हत्या, कर्मचाऱ्यांना त्या कृतीचा परिचय नव्हता, आणि पहिला प्रयत्न फसला. सुमारे १४ हजार कॉल जोडले गेले नाहीत. ऑफकॉम या नियामक संस्थेने २०२४ मध्ये कंपनीला १ कोटी ७५ लाख पौंडांचा दंड ठोठावला. उणीव केवळ यंत्राची नव्हती, सरावाचीही होती.

तेव्हा आमची मागणी स्पष्ट आहे. ज्या कचेरीवर लोकांचे प्राण अवलंबून आहेत, तेथे राखीव सर्व्हरवाचून इंटरनेटचा टेलिफोन बसवू नये. महिन्यातून एकदा मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करून दुसरा काम उचलतो की नाही, हे पाहावे. सूचना सोप्या मराठीत लिहून भिंतीवर लावाव्यात. आणि दोन्ही सर्व्हर पडले तरी चालेल असा एक स्वतंत्र टेलिफोन वा मोबाइल प्रत्येक कक्षात असावा. पैशाची सबब येथे चालणार नाही. ॲस्टेरिस्कसारखे सर्व्हरचे सॉफ्टवेअर मोफत मिळते; खर्च येतो तो एका संगणकाचा, बॅटरीचा, दुसऱ्या जोडणीचा आणि देखभालीचा.

या भूमीत शेकडो तलाव बांधणाऱ्या कोहळी शेतकऱ्यांना पाळीइतकेच सांडव्याचे मोल ठाऊक होते. पाळ फुटल्यावर सांडवा खणता येत नाही, हे त्यांना कळत होते. आजच्या कारभाऱ्यांना ते पावसाळ्यापूर्वी कळावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.